स्क्वेअर डान्सचा नवीन क्लास: पहिल्या तीन संध्याकाळी काय शिकवायचं, काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियातल्या एका क्लबात प्लस लेव्हलपर्यंत (मूळ यादीच्या वरची पायरी) नाचणाऱ्या एका मराठी माणसाला क्लबाने सांगितलंय की सप्टेंबरचा क्लास सुरू होतोय, नेहमीचे कॉलर, म्हणजे माइकवरून हालचाली सांगणारे, पहिले तीन आठवडे नाहीत, तर तेवढं तुम्ही सांभाळा. येणाऱ्यांत दोन-तीन मराठी कुटुंबं आहेत, त्यातल्या एकांचे आई-बाबा भारतातून आलेत तेही येणार, काही एकेकटे लोक आहेत, शाळेतली मुलं आहेत. विचारलंय की कॉल्स, म्हणजे त्या सांगितलेल्या हालचाली, कुठल्या क्रमाने शिकवू आणि स्क्वेअर, म्हणजे आठ जणांचा चौकोन, गोंधळून मोडला तर काय करू.

क्रम सांगतेच, पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, नाहीतर क्रम कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. आपल्याकडे नाच "बसवतात". गणपतीच्या कार्यक्रमाला महिनाभर तालीम करून एक गाणं बसवायचं, कोणी कुठे उभं राहायचं ते ठरलेलं. स्क्वेअर डान्समधे काहीच बसवायचं नसतं. आठ जण, चार जोड्या, चौकोनाच्या चार बाजूंना उभ्या, आणि माइकवर एक कॉलर जो आयत्या वेळी सांगतो पुढे काय करायचं, नाचणाऱ्यांना माहीत नसतं पुढचा कॉल काय येणार. म्हणजे नवख्याला तुम्ही नाच शिकवत नाही, ऐकायला शिकवताय. ऐकलं, केलं, परत ऐकलं. ज्या दिवशी हे जमलं त्या दिवशी माणूस स्क्वेअर डान्सर झाला, मग त्याला आठ कॉल्स येवोत नाहीतर ऐंशी.

आणि हे काही मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. युरोपातले क्वाड्रिल आणि कोटिलियन हे चौकोनात नाचायचे नाच लोक डान्स मास्टरकडे जाऊन पाठ करायचे. अमेरिकेत आल्यावर त्यात कोणीतरी ओरडून सांगणारा आला, आणि अगदी सुरुवातीच्या कॉलर लोकांत बरेच जण कृष्णवर्णीय फिडलवादक होते, गुलामगिरीत असलेले, फिडल वाजवता वाजवता फिगर, म्हणजे हालचालींचा क्रम, सांगायचे. त्यामुळे ज्याने कधी क्लास लावला नाही तोही नाचू लागला. कॉलर आला तोच मुळी लोकांना पाठ करायला लागू नये म्हणून. आता आपणच नवख्यांना खुर्च्यांवर बसवून वीस मिनिटं व्याख्या समजावून सांगितल्या तर मग कॉलर हवा कशाला?

तर पहिली संध्याकाळ. लोक दारातून आत येतायत, अजून सात मिनिटं आहेत, अर्धे यायचेत, तेव्हा थांबू नका. म्युझिक लावा आणि जे आलेत त्यांचा एक मोठा गोल करा. स्क्वेअर नाही, गोल. स्क्वेअरला आठच्या पटीत माणसं लागतात, गोलात अकरा असोत की तेवीस, काही अडत नाही. पार्टनर नसलेला माणूस दारातच अवघडलेला असतो, त्यालाही गोलात शिरायला काही वाटत नाही. हात धरा, सर्कल लेफ्ट, सर्कल राइट, सगळे मधे चला आणि मागे या. एवढ्या तीन गोष्टींवर पाच मिनिटं आरामात जातात, आणि ह्या पाच मिनिटांत खरं काम होतं ते म्हणजे पाय ठेक्यात पडतात. एका बीटला एक पाऊल, साधं चालणं, उड्या नाहीत, नाचरेपणा नाही. कोणी विचारलं "स्टेप काय आहे?" तर सांगा चालता येतं ना, झालं.

ह्याच गोलात मग जोड्या पाडा. जोडीत एक डावीकडे, एक उजवीकडे. परंपरेने डावीकडे पुरुष, उजवीकडे बाई, पण पहिल्या दिवसापासून "डावीकडचे" आणि "उजवीकडचे" म्हणालात तर पुढे खूप सोपं जातं, कारण दोन मैत्रिणी जोडी करतात, आई-मुलगा करतात, आणि बऱ्याच क्लबांत आता लोक दोन्ही बाजू शिकतात. एका बाजूच्या लोकांना गळ्यात रंगीत रुमाल द्या, चार डॉलरचं काम आहे पण तुमची अर्धी डोकेदुखी जाते. उजवीकडच्यांना सांगा की तुमच्या पलीकडे, पार्टनर नाही तो दुसरा, तो तुमचा कॉर्नर. डावीकडच्यांचा कॉर्नर डावीकडे. पार्टनर आणि कॉर्नर हे दोन शब्द आज इतके घोटून घ्या की झोपेतून उठवून विचारलं तरी बोट बरोबर माणसाकडे जायला हवं. "पार्टनरकडे बघा, कॉर्नरकडे बघा, कॉर्नरला हाय करा, पार्टनरशी डोसीडो." डोसीडो म्हणजे पाठीला पाठ करून समोरच्याभोवती फिरून परत आपल्या जागी. लोक हसतात, आणि हसतात तेव्हा शिकतायत हे समजायचं.

अलेमांड लेफ्ट गोलातच शिकवा. कॉर्नरचा डावा हात धरायचा, धरायचा म्हणजे मनगटाच्या वर, आतल्या बाजूने हाताला हात लावायचा, घट्ट पकडायचं नाही, आणि फिरून आपल्या जागी यायचं. ह्यात लोक हमखास उजवा हात पुढे करतात. ओरडू नका, "डावा, डावा" असं माइकवर चार वेळा म्हणण्यापेक्षा एकदा सगळ्यांना डावा हात वर करायला लावा, मग कॉल द्या.

राइट अँड लेफ्ट ग्रँड हा पहिल्या संध्याकाळचा सगळ्यात अवघड घास. गोलात समोरासमोर उभं करा पार्टनरला, उजवा हात द्या, ओढून पुढे निघा, पुढच्याला डावा, पुढच्याला उजवा. लोक काय करतात, हात धरला की त्याच्याभोवती फिरायला लागतात, कारण नुकतंच अलेमांडमधे फिरलेले असतात. उपाय एकच आहे, खांदा खांद्याजवळून गेला की हात सोडायचा. हे वाक्य मी दर क्लासला सांगते. ज्यांनी दांडिया खेळलाय त्यांना हे चटकन येतं, समोरच्याला सोडून पुढच्याकडे जायची सवय असते. मोठ्या गोलात मात्र पार्टनर परत कधी भेटणार ह्याचा पत्ता नसतो म्हणून तिथे फक्त चार-पाच हात करून थांबा, आणि पूर्ण मजा स्क्वेअरमधे दाखवा. स्क्वेअरमधे चार हात झाले की पाचवा चेहरा आपल्याच पार्टनरचा. त्या क्षणी जो आरडाओरडा होतो ना हॉलमधे, त्यासाठीच पहिल्या दिवशी हा कॉल शिकवायचा, भले थोडा अवघड असला तरी.

मग साधारण वीस मिनिटांनी स्क्वेअर करा. 1 नंबरची जोडी कॉलरकडे पाठ करून, तिच्या उजवीकडे 2, समोर 3, मग 4. 1 आणि 3 हेड्स, 2 आणि 4 साइड्स. हे सांगायला तीस सेकंद लागतात, जास्त लावू नका. आपली जागा म्हणजे "होम" आणि काहीही गडबड झाली तर होमला जाऊन पार्टनरचा हात धरायचा, हा नियम पहिल्या मिनिटाला सांगायचा. स्क्वेअर मोडणं म्हणजे नापास होणं नाही हे त्यांना कळायला हवं, आणि ते तुमच्या बोलण्यावरून नाही, तुमच्या वागण्यावरून कळतं. एखादा स्क्वेअर मोडला की म्युझिक थांबवून त्यांच्याकडे बघत बसू नका, सगळ्या हॉलचं लक्ष त्यांच्यावर जातं आणि ती माणसं पुढच्या आठवड्यात येत नाहीत. चालू ठेवा, दोन सोपे कॉल द्या, सगळ्यांना होमला आणा, परत सुरू करा. अर्धेअधिक स्क्वेअर मोडले तर मात्र चूक तुमची आहे, त्यांची नाही, तुम्ही उशिरा कॉल दिलात किंवा शिकवलं नाही ते मागितलंत.

ओळीत उभं राहायला आलं, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर, तेव्हा मोडलेल्या स्क्वेअरने समोरासमोर दोन ओळी करून थांबायचं आणि कॉलर "मधे चला, मागे या" म्हणेल तेव्हा सामील व्हायचं हे शिकवा.

आता टायमिंगबद्दल जरा सविस्तर, कारण चांगले नाचणारे लोक कॉलर झाले की इथेच अडकतात. तुम्ही स्वतः नाचताना कॉल ऐकून आपोआप करता, त्यामुळे मधे किती वेळ जातो ते जाणवत नाही. कॉल नेहमी आधीची हालचाल संपायच्या जरासं आधी द्यायचा, दोन ते चार बीट्स. उशीर केलात तर लोक थांबतात, ठेका सुटतो, आणि परत ठेक्यात यायला त्यांना वेळ लागतो. फार लवकर दिलात तर आधीचं अर्धवट टाकून पुढचं करतात. पण पहिल्या दिवशी, नवीन कॉल असेल तेव्हा, मुद्दाम त्यांना पूर्ण करू द्या, मग पुढचा द्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हळूहळू पुढे सरकवत आणा. म्युझिक मिनिटाला 120 ते 126 बीट्स ठेवा. नवखे आहेत म्हणून 110 वर आणू नका, ते सोपं होत नाही, उलट चालणं रेंगाळतं आणि पाय घुटमळतात.

बोलणं कमी. वॉक-थ्रू, म्हणजे म्युझिकशिवाय सावकाश चालवून घेणं, करताना आधी कोणी, मग काय, मग कुठे संपतं. "हेड्स, मधे चला, मागे या." उदाहरणं, विनोद, त्या शब्दाचा इतिहास, सगळं ब्रेकमधे. वीस सेकंदांच्या वर बोललात की मागच्या स्क्वेअरमधे गप्पा सुरू होतात, मग तुम्ही माइकचा आवाज वाढवता, मग ते अजून मोठ्याने बोलतात.

प्रत्येक टिपमधे, म्हणजे नाचाच्या एका फेरीत, दोन भाग असतात हे तुम्हाला माहीत आहेच, आधी पॅटर (नुसते कॉल्स), मग सिंगिंग कॉल (गाणं म्हणत दिलेले कॉल्स). नवख्यांच्या टिप्स दहा-बारा मिनिटांच्या ठेवा आणि पहिल्याच रात्री सिंगिंग कॉल नक्की करा, तुमचा आवाज कसाही असो. एक फिगर देते, तुम्हाला लिहून ठेवायला: हेड्स मधे आणि मागे, 8 बीट्स. साइड्स मधे आणि मागे, 8. सगळे सर्कल लेफ्ट पूर्ण एक चक्कर, 16. कॉर्नरशी डोसीडो, 8. त्याच कॉर्नरबरोबर स्विंग, 8. त्यांनाच घेऊन प्रॉमनेड (जोडीने गोलात चालत जाणं), डावीकडच्याच्या घरी, 16. बेरीज 64, म्हणजे गाण्याचा एक भाग बरोबर भरतो. दर वेळी नवीन पार्टनर, चार वेळा केलं की आपापला पार्टनर परत. ओपनर, मधला ब्रेक आणि शेवट ह्यात सर्कल, अलेमांड, ग्रँड आणि प्रॉमनेड. एवढ्या मालावर पहिली संध्याकाळ पूर्ण होते, खरंच होते, जास्त काही लागत नाही.

स्विंगबद्दल एक. बॉलरूमसारखं कमरेला हात घालून धरणं आपल्या बऱ्याच लोकांना, विशेषतः अनोळखी माणसाबरोबर, नको वाटतं, आणि ते तोंडाने सांगत नाहीत, पुढच्या आठवड्यापासून गायब होतात. म्हणून पहिल्या दिवशी दोन्ही हात धरून किंवा कोपरात कोपर अडकवून फिरायला शिकवा, सगळ्यांनाच, म्हणजे कोणाला वेगळं पडल्यासारखं वाटत नाही. चक्कर येऊ नये म्हणून समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, जमिनीकडे नाही. गुडघे दुखत असतील तर चार पावलं चालून फिरलं तरी चालतं.

आई-बाबांचं काय, त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. अजिबात काळजी करू नका. जपान, जर्मनी, स्वीडन सगळीकडे कॉल इंग्रजीतच देतात, आणि जपानमधल्या कितीतरी नाचणाऱ्यांना एरवी इंग्रजीत चहा मागता येणार नाही. त्यांच्यासाठी तो शब्द म्हणजे एक आवाज असतो आणि त्या आवाजाला एक हालचाल जोडलेली असते. फक्त तुम्ही दर वेळी तोच शब्द वापरा. एकदा "प्रॉमनेड", एकदा "घरी चला", एकदा "फिरून या" असं केलंत की ते गोंधळणारच. कॉलचं मराठी भाषांतर करू नका, दोन महिन्यांनी त्यांना दुसऱ्या क्लबात जाऊन नाचायचंय. समजावणं मराठीत केलं तरी चालेल, पण बाकीच्या लोकांना बाजूला टाकल्यासारखं वाटणार नाही इतपतच.

एंजल्स, म्हणजे जुने नाचणारे जे नवख्यांना मदत करायला येतात. खरं सांगू का, क्लास बुडवायचा असेल तर दहा उत्साही एंजल्स पुरेसे आहेत. त्यांना आधी वेगळं बोलावून सांगा: बोलायचं नाही, ढकलायचं नाही, खेचायचं नाही. बरोबर जागी, वेळेवर, बरोबर हात पुढे करून उभं राहायचं, बस. कॉलर बोलत असताना कानात कुजबुजणारा एंजल हा सगळ्यात वाईट, कारण नवखा मग त्याचं ऐकायला शिकतो, कॉलरचं नाही, आणि एंजल ज्या दिवशी नसेल त्या दिवशी आंधळा होतो. आपल्या लोकांना तर शेजारच्याला "अहो इकडे, इकडे" केल्याशिवाय राहवत नाही. शिवाय गिरक्या, डोसीडोच्या ऐवजी काहीतरी भलतीच फॅशन, टाळ्या, लाथा, ही सगळी मिरवणूक पहिले दोन महिने बंद. नवख्याला वाटतं तेही शिकायचंय.

दुसऱ्या आणि तिसऱ्या संध्याकाळी काय. प्रत्येक वेळी चार-पाच नवीन कॉल्स, सहाच्या वर नाही, आणि ते पहिल्या दीड तासातच, शेवटच्या टिपमधे काहीही नवीन नको. शेवटच्या टिपला जे पक्कं येतं तेच द्या, जरा जोरात, म्हणजे गाडीत बसताना लोक खूष असतात. दुसऱ्या वेळी स्टार (मधे हात जोडून फिरणं), पास थ्रू (समोरच्याच्या बाजूने पुढे निघून जाणं), लेडीज चेन (उजवीकडच्यांनी मधून पलीकडे जाणं) आणि त्यातला कर्टसी टर्न. कर्टसी टर्नमधे डावीकडचा मागे जातो आणि उजवीकडची पुढे चालते, दोघं एकाच दाराच्या दोन फळ्यांसारखे एकत्र फिरतात, हे नुसतं सांगून कळत नाही, दोघांना शेजारी उभं करून चार वेळा फिरवा.

तिसऱ्या वेळी स्क्वेअर थ्रू. उजवा हात, ओढून पुढे, पाव वळा, डावा, पाव वळा, उजवा, पाव वळा, डावा आणि थांबा. चौथ्या हातानंतर वळायचं नाही. दहातले आठ जण वळतात. इथे एक युक्ती आहे: हेड्सना स्क्वेअर थ्रू चार हात दिलंत तर संपताना प्रत्येक जण आपल्या कॉर्नरसमोर बरोबर येतो. मग लगेच अलेमांड लेफ्ट द्या. न वळता थांबला त्याला कॉर्नर समोर दिसतो, वळला त्याला दिसत नाही, तुम्हाला काही समजवावं लागत नाही. शिवाय ज्यांनी इतके दिवस कॉर्नर म्हणजे फक्त "शेजारचा" असं धरलं होतं त्यांना कळतं की कॉर्नर हे माणूस आहे, जागा नाही.

कॉल शिकवून झाला की तो संपला असं धरू नका. एका आठवड्यात शिकवलेला पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कॉलच्या मागे-पुढे वापरायचा, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात वॉक-थ्रू न करता. नेहमी हेड्सनाच सुरुवात देऊ नका, साइड्स बिचारे उभे राहून राहून ऐकणंच सोडून देतात. आणि तेच तेच सीक्वेन्स देऊ नका. तीनदा एकच क्रम ऐकला की माणसं पाठ करतात आणि चौथ्यांदा तुम्ही बदललंत तर जुनाच नाचतात. हे पकडायची सोपी परीक्षा आहे, ग्रँडच्या ठिकाणी अचानक "पार्टनरशी डोसीडो" म्हणा, जे डोसीडो करतील ते ऐकतायत.

घरी तयारी करताना कॅरमच्या सोंगट्या काढा. चार काळ्या, चार पांढऱ्या, वर 1 ते 4 नंबर आणि तोंड कुठे आहे ते दाखवायला एक बाण. टेबलावर एकेक कॉल हलवून बघा लोक कुठे पोचतात, आणि शेवटी पार्टनर परत जुळतोय का. व्यावसायिक कॉलरसुद्धा हेच करतात, नाहीतर स्क्रीनवर करतात. नवख्यांनी विचारलं घरी सराव कसा करू, तर टॅमिनेशन्स ह्या वेबसाइटवर प्रत्येक कॉलचं हलतं चित्र बघायला मिळतं, पण पहिले दोन-तीन आठवडे सांगू नका. वरून बघितलेला नाच आणि आतून केलेला नाच ह्यात लोकांचा गोंधळ होतो.

यादीबद्दल, कारण तुम्ही विचारलंत. कॉलरलॅब, म्हणजे कॉलर लोकांची संघटना, तिची मेनस्ट्रीमपर्यंतची (प्लसच्या खालच्या पायरीपर्यंतची) यादी साधारण सत्तर कॉल्सची, त्यावर प्लसचे अजून तीसेक. सप्टेंबर ते मे असे लांब क्लास बरीच वर्षं चालले आणि मधेच लोक गळत गेले, मग कॉलरलॅबने सोशल स्क्वेअर डान्स नावाचा छोटा प्रोग्राम आणला, पन्नासच्या आसपास कॉल्स, बारा आठवडे. तुमचा क्लब ठरवू शकत असेल तर माझं मत विचाराल तर तोच घ्या. एमआयटीतला टेक स्क्वेअर्स हा क्लब 13 आठवड्यांत थेट प्लसपर्यंत नेतो, पण ती तरुण मुलं, गणितात मुरलेली, त्यांच्याकडे बघून आपल्या मिश्र वयाच्या क्लासचा वेग ठरवू नका.

मुलांना चक्क स्क्वेअरमधे घ्या, आठ-नऊ वर्षांच्या पुढची मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, फक्त एका स्क्वेअरमधे सगळी मुलं टाकू नका, पळापळ होते. बूट गुळगुळीत तळाचे सांगा, रबरी तळाचे स्नीकर्स वळताना अडतात आणि गुडघ्याला त्रास होतो. पाणी ठेवा, दर टिपनंतर पाच-सात मिनिटं थांबा, आणि दर टिपला स्क्वेअर बदला, त्याच आठ जणांनी रात्रभर एकत्र नाचायचं नाही, ज्या जोड्या घट्ट बसल्यात त्यांना आवडणार नाही तरीही.

दुसऱ्या आठवड्यात तीन-चार नवीन माणसं येतातच, मैत्रिणीने ओढून आणलेली. त्यांना परत पाठवू नका आणि त्यांच्यासाठी सगळ्यांना पहिल्यापासून उभंही करू नका. क्लासच्या आधी वीस मिनिटं त्यांना बोलवा, गोल, कॉर्नर, अलेमांड, ग्रँड एवढं करून घ्या, मग प्रत्येक स्क्वेअरमधे एकेक जण टाका, डाव्या-उजव्या बाजूला एकेक बरं नाचणारा येईल असं. तिसऱ्या आठवड्यानंतर मात्र दार बंद आणि पुढच्या बॅचची तारीख तिथल्या तिथे सांगून टाका.